भला धनी आणि परके काम

"साहेब चांगला आहे, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, कुणी जातीवरून बोलत नाही. मग तुझं दुखतं कुठं?" आपल्या समाजातील पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या नोकरदाराने कामाचा कंटाळा आल्याचे घरात बोलून दाखवले, की हा प्रश्न त्याला हमखास ऐकावा लागतो. विचारणारा बाप बहुधा गिरणीत, रेल्वेत किंवा पालिकेत राबलेला असतो, आणि त्याचा प्रश्न खोटा नसतो. त्याने उपाशी दिवस पाहिलेले असतात. परंतु या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले आहे. काम आणि माणूस यांचे जुळणे ही वरच्यांची चैन; आपल्यासारख्यांनी धनी भला मिळाला यातच समाधान मानावे, असे ते गृहीत. वर त्याला बाबासाहेबांच्या नावाची जोड मिळते. "त्यांच्यामुळे खुर्ची मिळाली, आणि तुला कंटाळा येतो?" झाले, पोरगा गप्प बसतो.

हे गृहीत आले कोठून, आणि ज्यांच्या नावाने ते ऐकवले जाते त्या बाबासाहेबांचे स्वतःचे वर्तन व विचार त्याच्याशी जुळतात काय, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

सुरुवात गावगाड्यापासूनच करावी लागते. महाराच्या वाट्याला आलेली कामे आपण सारे जाणतो. सरकारी माणसाच्या पुढे धावायचे, सांगावा पोचवायचा, मयताची बातमी गावोगाव न्यायची, शिव राखायची, मेलेले जनावर ओढायचे, चावडीवर हजर राहायचे. यातले कोणते काम कुणाच्या हाताला येते, कुणाच्या मनाला रुचते, हा विचारच तेथे संभवत नव्हता. माणूस जन्मण्यापूर्वीच काम ठरलेले. इंग्रजांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या रचनेवर शिक्कामोर्तब केले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल मांडताना बाबासाहेबांनी या चाकरीचे जे वर्णन केले, त्यात एक मुद्दा फार बोलका आहे. वतनदार महार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामाला धरले जाई. म्हणजे नोकरी माणसाची नव्हतीच. ती घराची होती. दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही प्रहरी हाक आली की घरातून कुणीतरी उठून जायचे.

अशा व्यवस्थेतही भला धनी असू शके. पाटील मायाळू असेल तर सुगीला पेंढी जरा मोठी बांधी, अडीनडीला पायलीभर जोंधळे देई, चार शब्द गोड बोले. अशा पाटलाच्या आठवणी आमच्या म्हाताऱ्या माणसांनी कौतुकाने सांगितलेल्या आहेत. परंतु त्या भलेपणाने काम बदलत नव्हते. उलट भला पाटील असलेल्या गावात वतनाविरुद्ध बोलणे अधिकच अवघड जाई, कारण तेथे तक्रार म्हणजे कृतघ्नपणा ठरे. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून वतनावर लेख लिहिले, त्यानंतर बिल आणले. त्या वेळी विरोध सवर्णांचा तर झालाच, पण खुद्द महारांतूनही झाला, हे आपण सोयीने विसरतो. तुटपुंजी का होईना, हक्काची जमीन होती, हक्काचे बलुते होते. ते कोण सोडणार? बाबासाहेबांचे म्हणणे असे, की या हक्कानेच महाराची महत्त्वाकांक्षा मारली; शिळ्या तुकड्याची शाश्वती आहे म्हणून तो नव्या भाकरीकडे पाहत नाही. हे बिल त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निधनानंतर.

आता गावाच्या चावडीवरून बडोद्याच्या दरबारात जाऊ. भला धनी म्हणून ज्यांचे नाव नि:शंकपणे घ्यावे असे त्या काळातले मालक म्हणजे सयाजीराव गायकवाड. अमरेली भागात १८९३ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या. गुणी माणूस हेरण्याची आणि त्याला पैसा पुरवण्याची त्यांना हौसच होती. अशा या धन्याच्या पदरी वीस वर्षांच्या अंतराने दोन विद्वान आले. दोघेही विलायतेचे पाणी प्यालेले, दोघांनीही पुढे इतिहास घडवला, आणि दोघांनीही बडोदे सोडले. परंतु सोडण्या-सोडण्यात किती अंतर!

पहिले अरविंद घोष. १८९३ साली दोनशे रुपयांवर ते संस्थानच्या नोकरीत आले. प्रथम जमाबंदीच्या खात्यात, मग स्टँप आणि महसूल, मग सचिवालय, असे त्यांना फिरवण्यात आले. ग्रीक-लॅटिनमध्ये मुरलेला माणूस जमिनीच्या प्रतवारीच्या कागदांत रमणे शक्यच नव्हते. प्रशासनाच्या कामात त्यांचे मन कधी लागले नाही. महाराजांनी त्यांच्या हुशारीची तारीफ केली, तशीच त्यांच्या अनियमितपणाची आणि वक्तशीरपणाच्या अभावाचीही नोंद केली. ही हकीकत पुढे खुद्द अरविंदबाबूंनीच सांगितली आहे. मग काय झाले? महाराजांनी त्यांना कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवायला मोकळे केले. तेथे ते उपप्राचार्य झाले. बंगालच्या राजकारणाने खेचले तेव्हा रजा काढून गेले, आणि १९०६ मध्ये बडोद्याच्या मानाने फारच थोड्या पगारावर कलकत्त्याच्या राष्ट्रीय कॉलेजात रुजू झाले. तेरा वर्षे एका भल्या धन्याने एका कंटाळलेल्या नोकराला सांभाळून घेतले. यात मला गैर काही दिसत नाही. धन्याने असेच वागावे. मुद्दा इतकाच, की अरविंदबाबूंना कंटाळा परवडला. त्यांच्या कंटाळ्याकडे प्रतिभेची खूण म्हणून पाहिले गेले. त्यावरून त्यांच्या जातीची लायकी कुणी मोजली नाही.

दुसरे आंबेडकर. बी. ए. होताच जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत गेले. फेब्रुवारीत वडील वारले आणि मुंबईला परतावे लागले. त्यानंतर महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. ४ जून १९१३ रोजी करार झाला: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. कोलंबियात अर्थशास्त्राचा अभ्यास झाला, लंडनचा अभ्यास मुदत संपल्याने अर्धवट राहिला, आणि १९१७ च्या सप्टेंबरात ते करार पाळण्यासाठी बडोद्याला हजर झाले. चरित्रकार त्यांना महाराजांचे लष्करी सचिव म्हणतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत मात्र आपण अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार होतो असे आहे. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थमंत्री करावयाचे होते असे सांगतात. म्हणजे काम त्यांच्या विषयाला धरून होते, धनी भला होता, भवितव्य उज्ज्वल होते. मग अडले कोठे?

अडले शिपायापाशी. शिपाई फायली हातात न देता टेबलावर लांबून फेकीत. जाजम बाटू नये म्हणून गुंडाळून ठेवीत. कचेरीत प्यायला पाणी नव्हते. राहायला जागा नव्हती म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने, दीड रुपया रोजावर ते राहिले. वरच्या मजल्यावर, अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या दालनात कंदिलाच्या उजेडात ते एकटे पुस्तके वाचीत बसत. कचेरीला दहाला जात आणि तेथले एकटेपण टाळावे म्हणून रात्री आठपर्यंत बाहेरच वेळ काढीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला. तो म्हणाला, माझे नोकर घर सोडतील. एका ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. कोलंबियाचा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

या प्रसंगावर आपल्याकडे अश्रू पुष्कळ ढाळले गेले आहेत. मला तो निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. महाराजांच्या हेतूविषयी शंका घ्यायला येथे जागा नाही. पण महाराज वर होते आणि कचेरी खाली होती. मधल्या साऱ्या पायऱ्यांवर जात बसली होती. मालकाचा चांगुलपणा हुकमाने खाली पोचत नसतो. आज एखाद्या बँकेत किंवा खात्यात मोठा साहेब उदार असतो, भाषणातून फुले-आंबेडकरांचे नाव घेतो, आणि आपला पदवीधर मात्र वर्षानुवर्षे आवक-जावकच्या रजिस्टरवर बसलेला असतो. कारण त्याला 'जबाबदारीचे टेबल' द्यावे असे मधल्या हेडक्लार्कला वाटत नाही. साहेब भलाच असतो. त्याला कल्पनाही नसते.

बडोद्यानंतरची नोकरी याहून विचार करायला लावणारी आहे. खाजगी शिकवण्या झाल्या, शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आटली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. परळच्या चाळीतील कुटुंबाला ही रक्कम केवढी! विषय आवडीचा. व्याख्याने अशी की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी ऐकायला येऊन बसत. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरबूर केली, ती अर्थात होणारच होती. तरीही अस्पृश्य माणसाला त्या काळी याहून बरी नोकरी मिळणे कठीण होते. आणि ही नोकरी बाबासाहेबांनी दीड वर्षही पुरते केली नाही. मार्च १९२० मध्ये सोडली, साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज घेऊन लंडन गाठले.

का सोडली? एक कारण अर्धवट राहिलेला अभ्यास. दुसरे कारण जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'कडे पाहिले की लक्षात येते. पत्र बाबासाहेबांचे, अग्रलेख बाबासाहेबांचे, पण संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे. सरकारी कॉलेजातील प्राध्यापकाला उघडपणे संपादक होता येत नव्हते. मुक्यांचा नायक स्वतःच नोकरीमुळे अर्धा मुका! काम जुळत होते, पगार जुळत होता, पण माणूस त्या कामात मावत नव्हता. त्यांनी हिशेब केला आणि नोकरीला नोकरीइतकीच किंमत दिली. एवढी चांगली जागा सोडतोस, समाज काय म्हणेल, या भावनेला त्यांनी थारा दिल्याचे कोठे दिसत नाही. बापाच्या पुढे मान खाली घालून बसलेल्या आमच्या पोराला हा इतिहास कुणी सांगत नाही. त्याला सांगितले जाते ते अठरा अठरा तास अभ्यास करणारे बाबासाहेब. नोकरी सोडणारे बाबासाहेब नव्हेत.

हे सारे जगून झाल्यावर १९३६ साली त्यांनी त्याला सिद्धांताचे रूप दिले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी तयार केलेले, मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले ते भाषण. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभाग, हे तिचे समर्थन खोडून काढताना ती श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच उतरंडीची वाटणी आहे, असे ते म्हणतात. एवढा भाग आपण सारे पाठ म्हणतो. त्याच्या लगतचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. तेथे त्यांनी सांगितले आहे, की उद्योगव्यवस्थेतील सर्वांत मोठे दुखणे दारिद्र्य किंवा हालअपेष्टा हे नसून, ज्यांना आपले काम मुळीच भावत नाही अशा माणसांची प्रचंड संख्या हे आहे. असे काम नावड, तिटकारा आणि टाळाटाळ निर्माण करते. ज्या कामात मन नाही आणि बुद्धीही नाही, त्यात कार्यक्षमता कोठून येणार? शिवाय धंदा बदलण्याची मुभा नाकारून जात बेकारीही निर्माण करते.

थोडे थांबून पाहा, हे कोण म्हणतो आहे. ज्याच्या लोकांना दोन वेळचे अन्न नाही असा पुढारी म्हणतो आहे, की नावडत्या कामाचे दुःख गरिबीच्या दुःखाहून मोठे आहे. त्यांना गरिबी ठाऊक नव्हती असे थोडेच? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. कमी मजुरीची खाती तेवढी त्यांना मोकळी. १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न बाबासाहेबांनीच लावून धरला. तेथे पोटाचा प्रश्न आणि कामाच्या निवडीचा प्रश्न एकच होता. निवड नाही म्हणून मजुरी कमी, आणि मजुरी कमी म्हणून निवड करण्याचे बळ नाही. बापाचा प्रश्न आणि पोराचे दुःख यांची सांगड येथे लागते. दोघांनीही हे पान एकत्र बसून वाचायला हवे.

या विचाराने आणखी एका आरोपाचे उत्तर मिळते. 'राखीव जागांवर येतात आणि कामात लक्ष नसते' असे सवर्ण सहकारी बोलतात. १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. त्या दारातून आत आलेल्या माणसाला कोणते टेबल मिळावे, कोणते काम शिकवावे, हे मात्र हुकमाने ठरत नव्हते. जागा राखीव झाली, काम राखीव झाले नाही. मग 'लक्ष नसते' हे कामाविषयीचे विधान आहे की माणसाविषयीचे, हे बोलणाऱ्याने आधी ठरवावे.

दिल्लीतील शेवटचा अध्याय थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे मुख्य कारण, अनुसूचित जातींची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण हीही कारणे. परंतु ऑक्टोबरमधील निवेदनात आरंभीच एक वेगळी तक्रार आहे. कायदा खाते म्हणजे धोरण घडवायला वाव नसलेले, साबणाच्या रिकाम्या खोक्यासारखे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. नियोजनाचे खाते देऊ असे सांगितले गेले होते, ते मिळाले नाही. इतर मंत्री दोन-दोन तीन-तीन खात्यांनी वाकलेले, आणि आपल्याला अधिक काम हवे असताना ते मिळत नाही. मूळचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी असूनही अर्थविषयक समितीतून आपल्याला वगळले गेले, आणि कायमचे नाव घातले गेले ते निषेध केल्यावर. मंत्र्याने काम कमी पडते म्हणून तक्रार केल्याचे उदाहरण आपल्या राजकारणात शोधून सापडणार नाही. येथे बाबासाहेबांनी पदाचे ऋण मानले नाही. पदाने आपल्याला वापरले की नाही, हे पाहिले.

वतन १९५८ च्या कायद्याने गेले असे वर म्हटले. ते खरोखर गेले काय? महाराष्ट्रातील नगरपालिका-महानगरपालिकांत लाड समिती व पागे समिती यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ साली शासनाने त्याविषयीचे निर्णय एकत्र करून सुधारित आदेश काढला. मुंबईच्या पालिका वस्त्यांत वारसाच्या अशा नेमणुकीला 'पी. टी. केस' म्हणतात. मी या तरतुदीच्या विरोधात नाही. कंत्राटदाराच्या हाताखाली विनापावती राबण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी, आणि ती लढून मिळवलेली आहे. पालिका हा मालक वाईट नाही: कायम नोकरी, बरा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि खोली. सारी ग्यानबाची मेख त्या खोलीत आहे. खोली नोकरीला बांधलेली. बाप निवृत्त झाला किंवा वारला आणि घरातून कुणी झाडू धरला नाही, तर खोली खाली करावी लागते. म्हणून बी. कॉम. झालेला मुलगा सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरीला उभा राहतो. मुकादम ओळखीचा असतो, बापाचा मित्रच असतो, सांभाळून घेतो. दुपारी मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतो आणि त्याला झोप लागते. घरातील एक माणूस कामाला हवा, कोणता ते महत्त्वाचे नाही. १९२८ च्या कौन्सिलातील तो मुद्दा वाचकांना आठवेल.

या मुलाला कंटाळा येतो असे म्हणायचीही चोरी आहे. पालिका शिव्या देईल म्हणून नव्हे. आईच रडेल म्हणून. आणि त्याच्यावर कविता लिहिणाऱ्यांनाही तो गटारात उतरलेला, घाणीने माखलेलाच हवा असतो. नोकरी कायम आहे, बूट-हातमोजे मिळाले आहेत, मुकादम भला आहे, आणि तरीही हे आयुष्य माझे नाही असे त्याला वाटते, याची दखल आमच्या साहित्यानेही क्वचितच घेतली. छळ लिहिणे सोपे झाले आहे. रितेपण लिहायला आम्ही अजून बिचकतो.

पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचे घर देण्याची एक शासकीय योजना आहे; तिला नावही बाबासाहेबांचेच आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजना. संघटनांच्या मागणीपत्रांत सहसा वारसाहक्क वर असतो आणि मालकीचे घर खाली. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.